नव्या मुंबईंतील जमिनीचे सरकारी कागद

जुन्या कागदांच्या वाचनांत ज्यांचा जन्म गेला असे कित्येक गृहस्थ स्वतःच्या कुटुंबासाठीं घर घेण्याची वेळ आली म्हणजे विलक्षण भोळेपणा दाखवितात. तीनशें वर्षांपूर्वींचें इनामपत्र हातीं आलें तर तें अस्सल कीं नक्कल, शिक्का कोणाचा, मिति व वार जुळतात कीं नाहीं, तें कोणाच्या दफ्तरांतून बाहेर पडलें, हें सर्व विचारल्याशिवाय ते त्यावर एक ओळहि लिहिणार नाहींत. परंतु नेरूळ, खारघर किंवा उलवें येथील सदनिकेच्या व्यवहारांत विकणारानें पुढें केलेला सातबाऱ्याचा उतारा पाहून ‘कागद स्वच्छ आहेत’ असें म्हणावयास त्यांस दोन मिनिटेंहि लागत नाहींत. कागद सरकारी आहे, त्यावर सरकारी सही आहे, एवढ्यानें त्यांचें समाधान होतें. वास्तविक सरकारी कागद हाहि एक ऐतिहासिक कागदच होय. तो कोणीं, कोणासाठीं व कशाकरितां लिहिला हें ठरविल्यावांचून त्यापासून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं हें कळत नाहीं. नव्या मुंबईच्या कागदांचा या दृष्टीनें विचार करावा, आणि त्या ओघांत आपणां संग्राहकांवर येणारी एक जबाबदारी निदर्शनास आणावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम सातबारा. गांवच्या हिशेबाचे जे ठराविक नमुने आहेत त्यांपैकीं नमुना ७ हा अधिकार अभिलेखाचा व नमुना १२ हा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही एकाच पत्रकावर येत असल्यामुळें त्या पत्रकास सातबारा हें नांव पडलें. त्याचे पूर्वज आमच्या वाचकांस परिचित आहेत. थळझाड्यांत शेताचें नांव, तें करणारा, त्याचें क्षेत्र व धारा हीं येतात. परंतु तो लिहवून घेणाऱ्या सरकारचा मुख्य प्रश्न ‘हें शेत कोणाचें’ हा नसून ‘याचा वसूल कोणापासून घ्यावयाचा’ हा होता. इंग्रजी अमलांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ सालीं इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली, तिच्या पत्रकांतहि तोच प्रश्न कायम राहिला. खातेदार म्हणजे साऱ्यास जबाबदार असलेला इसम. कूळ कोण, गहाणदार कोण, भाऊबंदांचे हिस्से किती, याची नोंद ठेवण्याचें बंधन १९०३ च्या मुंबईच्या अधिकार अभिलेख कायद्यानें प्रथम घातलें. १९१३ मध्यें तो विषय १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत दाखल करण्यांत आला, आणि त्या कायद्याची जागा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें घेतली. ही संहिता १५ आगस्ट १९६७ पासून अमलांत आहे.

ही वंशावळ सांगण्याचें कारण असें कीं, सातबारा हा जन्मानें वसुलाचा कागद आहे; मालकीचा पुरावा म्हणून त्याचें महत्त्व मागाहून वाढलें. संहितेच्या कलम १५७ प्रमाणें त्यांतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. याहून अधिक त्यास कायद्यानें दिलेलें नाहीं. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टहि होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ च्या एका निकालांत स्पष्ट सांगितलें असून पूर्वींच्या व नंतरच्या निकालांचाहि आशय तोच आहे. मालकी ज्यापासून येते ते कागद निराळे: खरेदीखत, वांटणीपत्र, बक्षीसपत्र, न्यायालयाचा हुकूमनामा, सरकारी सनद, किंवा केवळ वारसा. सनद व ताळेबंद यांतील भेद ज्यास कळतो त्यास हा भेद कळावयास अडचण पडूं नये.

आतां उताऱ्याच्या अंगाकडे वळूं. वरच्या भागांत गांव, तालुका, भूमापन क्रमांक व हिस्सा असतो. त्याशेजारीं भूधारणेचा प्रकार येतो, व बहुतेक खरेदीदार तो न वाचतांच पुढें जातात. ‘भोगवटादार वर्ग १’ म्हणजे जमीन विकण्यास सामान्यतः मुखत्यार. ‘वर्ग २’ म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून हस्तांतरण करतां न येणारा. ‘नवीन व अविभाज्य शर्त’ हे शब्द दिसले तरी अर्थ जवळजवळ तोच. पुढें भोगवटादारांचीं नांवें. ज्या नांवाभोंवतीं कंस आहे तें नांव मागें पडलें असें समजावयाचें. हस्तलिखित उताऱ्यांत हा कंस शाईनें केलेला असतो व नांवापाशीं वर्तुळांत एक आंकडा असतो. तो आंकडा फेरफाराचा. संगणकावर उतारे चढवितांना हे कंस कोठें गळले, कोठें भलत्या नांवास लागले. असल्या लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठीं संहितेच्या कलम १५५ चा आधार घ्यावा लागतो. हातानें नकला करणाऱ्या कारकुनांचे प्रमाद आपण नेहमी पाहतों. यंत्राच्या नकलेंत ते नाहींत असें समजण्याचें कारण नाहीं.

नांवांपुढील संक्षेप तर मोडी कागदांतील संक्षेपांइतकेच अर्थगर्भ आहेत. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नांव एकाचें, हक्क सर्वांचा. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. म्हणजे तें नांव मालकाचें नव्हे, मालक त्या वेळीं मूल होता. हीं तीन अक्षरें नकलेंत गळलीं कीं पालनकर्ता पुढील पिढीस मालक म्हणून दिसूं लागतो. त्याखालीं ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचें नांव, कर्जाचा बोजा, वाटेचा किंवा पाण्याचा हक्क, न्यायालयाची मनाई, ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा, हें सर्व येथें. पुष्कळदां बापाच्या मृत्यूनंतर मुलांचीं नांवें वर लागलीं व मुलींचीं या रकान्यांत टाकलीं, असेंहि आढळतें. हा रकाना आधीं वाचावा व वरचा मागून, अशी संवय लावून घेतल्यास पुष्कळ घात टळतात.

नमुना १२ कडे तर कोणी पाहातच नाहीं. परंतु १९५० ते १९६० या दशकांतील जुन्या उताऱ्यांवर कसणाराचें नांव निराळें असेल तर तें अत्यंत महत्त्वाचें आहे. कारण १९४८ च्या कूळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ रोजीं, ज्यास कृषकदिन म्हणतात, जमीन कसणारें कूळ तिचा खरेदीदार मानलें गेलें. किंमत कलम ३२ ग खालीं ठरावयाची व ती भरल्यावर कलम ३२ म चें प्रमाणपत्र मिळावयाचें. खोती व खाजगी जमीनदारी जेथें मुरली होती त्या कुलाबा जिल्ह्यांत या दोन कलमांनीं गांवचें गांव हात बदललें. ज्याच्यापाशीं ३२ म चें पिवळें पडलेलें प्रमाणपत्र आहे त्याचा हक्क कोणत्याहि संगणकीय उताऱ्याहून बळकट.

मापांसंबंधीं दोन शब्द पुरे. जुन्या उताऱ्यांत एकर, गुंठा, आणा. नव्यांत हेक्टर, आर, चौरस मीटर. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, गुंठ्याचा सोळावा भाग आणा. गुंठा व आर जवळजवळ सारखे आहेत (१ गुंठा म्हणजे १.०१ आर), आणि या सारखेपणामुळेंच दोहोंची गल्लत होते.

सातबारा हा निकाल आहे. मिसल पाहावयाची तर फेरफाराकडे गेलें पाहिजे. नमुना ६ ची फेरफार नोंदवही हें गांवच्या दफ्तरांतील सर्वांत वाचनीय पुस्तक होय. त्यांत नोंदीचा क्रमांक, तारीख, व्यवहाराची हकीकत, संबंधित भूमापन क्रमांक आणि शेवटीं तपासणाऱ्या अंमलदाराची सही व शेरा असतो. वर्दी आल्यावर तलाठ्यानें नोंद धरावयाची (या पदास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), हितसंबंधी लोकांस नोटीस द्यावयाची, हरकतीस पंधरा दिवस ठेवावयाचे, हरकत आल्यास ती तक्रारींच्या वहींत घेऊन चौकशी करावयाची, आणि मग मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित किंवा रद्द करावयाची, असा हा क्रम आहे. रद्द झालेली नोंदहि वहींत राहते, आणि ती वाचण्यासारखी असते. कारण कोणी काय मागितलें व तें कां नाकारलें गेलें हें तींतच कळतें. गोतसभेच्या महजरांत हरलेल्या पक्षाची करीना आपण ज्या आस्थेनें वाचतों तीच आस्था येथें हवी.

विशेषतः वारसनोंदी जपून वाचाव्या. ‘मयताचे वारस मुलगे अमुक अमुक; मुलींनीं जबाब देऊन हक्क सोडला’ एवढ्याच मजकुरावर बहिणींचीं नांवें कमी केल्याचीं उदाहरणें कोंकणांत गांवोगांव आहेत. स्थावरांतील हक्क सोडावयाचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतें. तलाठ्यासमोरील तोंडी जबाबानें तो सुटत नाहीं. हिंदु वारसा कायदा १९५६ चा, मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची. अशा जबाबी नोंदीवर उभी असलेली विक्री केव्हांहि हादरूं शकते.

बनावट कागद ओळखण्याची विद्या आमच्या वाचकांस शिकविण्याची आवश्यकता नाहीं. फक्त या प्रदेशाचीं कांहीं कालचिन्हें सांगतों. नवी मुंबई ज्या तीन तालुक्यांत पसरली त्यांपैकीं ठाणें हा ठाणें जिल्ह्यांतला; पनवेल व उरण हे आज रायगड जिल्ह्यांत मोडतात. पण रायगड हें नांव १ जानेवारी १९८१ पासूनचें. त्यापूर्वीं तो कुलाबा जिल्हा. त्याच्याहि पूर्वीं, १८८३ पर्यंत, पनवेल ठाणें जिल्ह्यांत होतें. म्हणून त्या काळचा पनवेलचा कागद अलिबागेस न सांपडल्यास ठाण्यास शोधावा. आणखी मागें गेलें तर उत्तर कोंकणचा हा भाग इंग्रजांकडे जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें आला. तत्पूर्वींच्या सरकारी कागदांसाठीं पुण्यास पेशवे दफ्तराकडे वळावें लागतें. आतां १९७५ सालच्या म्हणून दाखविलेल्या अस्सल करारांत ‘जिल्हा रायगड’ असें असेल, १९८५ च्या घरपट्टीच्या पावतीवर नवी मुंबई महानगरपालिकेचें नांव असेल (ही महानगरपालिका १७ डिसेंबर १९९१ ची, व तिचा कारभार १ जानेवारी १९९२ पासूनचा), १९५० च्या दस्तांत आकार रुपये व नवे पैसे यांत दिला असेल (दशमान नाणें १ एप्रिल १९५७ चें), किंवा १९६५ च्या हुकुमांत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम उद्धृत असेल, तर पुढें वाचण्याचे श्रम घेऊं नयेत. मात्र येथें एक सावधगिरी हवी. १९७५ च्या नोंदीची १९९० सालीं घेतलेली नक्कल असेल तर तिच्या माथ्यावर रायगड असणें स्वाभाविक आहे. नोंदीची तारीख व नकलेची तारीख या दोन तारखा वेगळ्या. त्यांची गल्लत करून खऱ्या कागदास खोटा ठरविणें हाहि अपराधच.

येथवर सांगितलें तें महाराष्ट्रांतील बहुतेक कोणत्याहि गांवास लागू पडेल. नव्या मुंबईचें वैशिष्ट्य असें कीं येथें मालकीची परंपरा मध्येंच एकदां तोडण्यांत आली. मुंबई बेटाचा भार हलका करावा म्हणून खाडीपलीकडे नवें शहर बसविण्याचें ठरलें, आणि त्यासाठीं १७ मार्च १९७० रोजीं शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झालें. आरंभीं ८६ गांवें व आगस्ट १९७३ मध्यें आणखी ९, अशीं ९५ गांवें या प्रकल्पांत आलीं. एकंदर क्षेत्र सुमारें ३४४ चौरस किलोमीटर. भातशेती, खार, खाजण व मिठागरें यांचा हा मुलूख; वस्ती मुख्यतः आगरी व कोळी लोकांची. जमिनी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानें घेतल्या गेल्या. त्या कायद्याचें कलम १६ असें कीं, निवाडा होऊन ताबा घेतला म्हणजे जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन सरकारची होते. कूळ, गहाणदार, हिस्सेदार, सर्वांचे जमिनीवरील हक्क त्या क्षणीं संपले. उरला तो मोबदल्यावरील हक्क. (हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून जाऊन त्याच्या जागीं २०१३ चा नवा कायदा आला, परंतु येथील बहुतेक निवाडे जुन्या कायद्याखालचे.) सातबाऱ्यावर शेतकऱ्याच्या नांवास कंस पडला व सिडकोचें नांव चढलें.

मोबदला अल्प व जमीन गेली, हा असंतोष वाढत जाऊन दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत मोठें आंदोलन झालें. गोळीबारांत पांच शेतकरी बळी पडले. त्याचें फळ म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यास परत देण्याची योजना, जिचा शासननिर्णय ६ मार्च १९९० चा आहे. साडेबारांपैकीं पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठीं वजा होऊन हातीं पावणेनऊच पडतात. म्हणजे एक एकर, अर्थात् ४०४७ चौरस मीटर, जमीन गेलेल्यास सुमारें ३५४ चौरस मीटरांचा भूखंड.

हा इतिहास ठाऊक नसेल तर नव्या मुंबईंत कोणता कागद कोठें मागावयाचा हें कळणार नाहीं. कारण येथील घरें कागदांच्या दृष्टीनें तीन जातींचीं आहेत.

पहिली जात, सिडकोनें स्वतः बांधून दिलेलीं घरें व निविदेनें विकलेल्या भूखंडांवरील इमारती. येथें कलम १६ नें मागची परंपरा तुटलेली असल्यामुळें शोध सिडकोपासून पुढें करावयाचा: वांटपपत्र, पट्ट्याचा करार, बांधकाम प्रारंभाचें प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, पट्टा, आणि मधल्या प्रत्येक हस्तांतरणास सिडकोची संमति. १९२० सालचा फेरफार येथें केवळ कुतूहलाचा विषय. मात्र एक गोष्ट विसरूं नये: येथें विकत मिळतो तो पट्टा, जमीन नव्हे. भूमिस्वामी सिडकोच राहतें. मूळ पट्टे साठ वर्षांचे. १९८० चा पट्टा असेल तर त्याचा शेवट २०४० त, व आज घेणारास मिळणार तीं उरलेलीं वर्षें. मुदतीसंबंधीं शासनाचे नंतरचे निर्णय कांहींहि असोत, आपल्या दस्तांत कोणती मुदत लिहिली आहे तें डोळ्यांनीं वाचावें. खार बांधून लागवडीस आणण्यासाठीं दिलेले कौल ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हा पट्टा ओळखीचा वाटेल. ठराविक वर्षांची मुदत, अमुक काळांत काम पुरें करण्याची अट, आणि हात बदलतांना सरकारचें घेणें. नजराण्याच्या जागीं हस्तांतरण शुल्क हा शब्द आला, इतकेंच.

दुसरी जात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरील इमारतींची, आणि खरा धोका येथें आहे. जमिनीचा जुना हक्क निवाड्यानें संपला हें खरें. परंतु भूखंड कोणास द्यावयाचा हें त्याच निवाड्यांतील नांवांवरून ठरतें, आणि निवाड्यांतील नांवें त्या वेळच्या सातबाऱ्यावरून आलीं. म्हणजे तुटलेली परंपरा या योजनेनें पुन्हां जोडली. निवाड्यांत ‘ए. कु. मॅ.’ म्हणून वडील भावाचें नांव. भूखंडाचें वांटपपत्र त्याच्या मुलांच्या नांवें. मुलांनीं त्रिपक्षीय करार करून तो बांधकाम करणाऱ्यास दिला. इमारत उभी राहिली, सदनिका विकल्या गेल्या. मग धाकट्या भावाच्या मुली न्यायालयांत येतात व १९३० सालचा एक फेरफार पुढें करतात, ज्यांत दोघां भावांचा हिस्सा समान लिहिलेला असतो. पट्टा गृहसंस्थेच्या नांवें होणें अडतें, आणि ज्यांनीं आयुष्याची शिल्लक घालून घर घेतलें ते लोक ज्या भांडणाचा त्यांस गंधहि नव्हता त्यांत अडकतात. मुलींचा दावा खोटा असतो असें मुळींच नाहीं. पुष्कळदां तोच खरा असतो.

अशा व्यवहारांत वकिलामार्फत तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक २ मधून गेल्या तीस वर्षांतील दस्त काढावयाचे व बोजा नाहीं असा दाखला घ्यावयाचा. इतरत्र तो पुरेसा असेल, येथें नाहीं. आजपासून तीस वर्षें मागें गेलें तर आपण १९९५ च्या आसपास येतों. त्या वेळीं जमीन सिडकोची झालेलीच होती. कूळकायद्याचा १९५७ चा दिवस, १९७० नंतरचे निवाडे, वारसनोंदी, म्हणजे जेथें हक्काचा निकाल लागला तो सर्व काळ या शोधाच्या पलीकडे राहतो. म्हणून या जातीच्या घरासाठीं निवाड्याची नक्कल, निवाड्याच्या तारखेचा सातबारा, त्यावरील प्रत्येक वर्तुळांकित फेरफार, आणि वारसाचा दाखला, इतकें मागितल्याशिवाय विसार देऊं नये. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनें मालकी येत नाहीं हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें ठरविलें असतां अशा व्यवहारांत तें पत्रच मोठ्या अभिमानानें दाखविलें जातें.

तिसरी जात गांवठाणांतील घरांची. घणसोली, करावें, दिवाळें, बेलापूर अशा जुन्या गांवांच्या पोटांत व भोंवतालीं शेंकडों इमारती उभ्या आहेत. सातबारा हा शेतजमिनीचा. गांवठाणांतील घरास मिळकतपत्रिका हवी, आणि ती नगरभूमापन झालें असेल तेथेंच असते. नसेल तर घरपट्टीची पावती, विजेचें देयक, जुन्या ग्रामपंचायतीचा उतारा असले कागद पुढें येतात. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. आणि स्वस्ताईच्या मोहानें जे येथें घर घेतात ते बहुधा हें घेतल्यावर शिकतात.

येथपर्यंत खरेदीदाराची बाजू झाली. आतां आपली. फेरफाराच्या ज्या जुन्या नोंदींवर वरील दावे उभे राहतात, त्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बहुधा मोडींत लिहिलेल्या आहेत. ज्यांच्या घरीं त्यांच्या नकला, गहाणखतें, वांटणीचीं यादी-पत्रें आहेत त्या कुटुंबांत मोडी वाचणारा आज कोणी उरलेला नसतो. घर पाडून इमारत उठवितांना माळ्यावरचा रुमाल खालीं येतो, व तो रद्दींत तरी जातो किंवा संग्राहकाच्या हातीं तरी. रद्दीपेक्षां संग्राहक बरा, असें आपण आजवर मानीत आलों. ऐतिहासिक पत्रांपुरतें तें खरें आहे. पण हक्काच्या कागदांस तसें म्हणतां येत नाहीं.

तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यांतून न्यायालयापुढें आला तर त्यावरील सही व अक्षर ज्याचें म्हणून सांगितलें त्याचेंच आहे असें गृहीत धरतां येतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें हें कलम ९०. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तेंच कलम ९२ म्हणून आलें. यांतील ‘योग्य ताबा’ हे दोन शब्द आपल्या शास्त्राचे आहेत: कागद जेथें असणें स्वाभाविक तेथून तो आला पाहिजे. १९०८ चें वांटणीपत्र त्या भावकीच्या पेटींतून निघालें तर तें बोलतें. तेंच एखाद्या संग्राहकाच्या कपाटांतून, कोणाकडून किती रुपयांस घेतलें हें न सांगतां आलें, तर समोरचा वकील पहिलाच प्रश्न त्या प्रवासाविषयीं विचारील. आणि नक्कल करून ठेवली आहे, मूळ कोणाकडे गेलें तें आठवत नाहीं, हें उत्तर तर सर्वांत घातक. हें अनुमान मूळ दस्तासच लागू पडतें, नकलेस नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९३५ सालींच ठरविलें आहे. म्हणजे ज्या कागदाचें आपण रक्षण केलें असें समजतों, त्याचें तोंड आपणच बंद केलेलें असतें.

शिवाय आपली एक वाईट खोड आहे. रुमालांतून शिक्क्याचे, सुंदर अक्षराचे, जुन्या मुद्रांकाचे चार बंद निवडून घ्यावयाचे व बाकीचे ‘किरकोळ जमिनीचे’ म्हणून मागें ठेवावयाचे. कै. राजवाडे यांच्या पिढीनें घराण्यांचीं दफ्तरें उलगडून इतिहासास साधनें पुरविलीं. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं दफ्तर फोडून मुद्रांकांचा बाजार मांडावा हें शोभत नाहीं. त्या ‘किरकोळ’ कागदांतच बहिणीचा हिस्सा लिहिलेला असतो.

यासाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील गांवांतून आलेला रुमाल ज्यांच्या संग्रहीं आहे त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या अशी विनंति आहे. कोणत्या गांवच्या कोणत्या घरांतून, कोणत्या सालीं व कोणाच्या हातून तो आला याचें टिपण आजच लिहून त्यावर सही व तारीख घालावी. आठवण आणखी दहा वर्षांनीं राहणार नाहीं. बंदांचा मूळ क्रम मोडूं नये. जमिनीच्या प्रत्येक कागदाचें बाळबोध लिप्यंतर करून, भूमापन क्रमांक व फेरफार क्रमांक ठळक लिहून, तें मूळ कुटुंबास नेऊन द्यावें. कुटुंब मागेल तर मूळ कागदहि द्यावा व आपण छायाचित्रावर समाधान मानावें. नव्यानें रुमाल पाहावयास मिळाला तर तो त्यांच्याच घरीं बसून वाचावा. गांवचा भूमापन क्रमांक मागाहून बदललेला असण्याचा संभव लक्षांत घेऊन भूमि अभिलेख कार्यालयांतील आकारबंद व फाळणीचा नकाशा यांशीं तो ताडून पाहावा. आणि रुमालाच्या आंत जुनी चिठ्ठी असून तिजवर ‘तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा’ असें असेल तर ती दुरुस्त करूं नये. नव्या यादींत रायगड लिहावें, चिठ्ठी होती तेथेंच, होती तशीच राहूं द्यावी.